मी आत आले की केपुएली उठतो

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार

शाळा सुरू झाली. नवे हेडमास्तर म्हणून शिक्षण कचेरीने कोणाला पाठवलं, तर माझ्या सख्ख्या भावाला, केपुएलीला. टोंगाच्या साऱ्या वावाउ बेटांत दुसरी शाळा नव्हती का? कचेरीतली माणसं गणितात कच्ची असणार. एक बहीण आणि एक भाऊ एका खोलीत मावत नाहीत, एवढा साधा हिशेब त्यांना जमला नाही.

आमची स्टाफरूम म्हणजे एक लांब टेबल, एक किटली आणि तालिआउलीची जीभ. तालिआउली आमचा उपमुख्याध्यापक. विज्ञान शिकवतो आणि रोज सकाळी घंटा होईपर्यंत आम्हाला पोट धरून हसवतो. आज मी जरा उशिरा पोचले. बाहेरूनच हसणं ऐकू आलं आणि त्यात केपुएलीचं हसणं लगेच ओळखलं. लहानपणी नाकातून हसायचा, अजून तसाच हसतो. तालिआउली आपल्या सासूच्या डुकराची गोष्ट सांगत होता आणि ती चांगलीच रंगली होती. मी दारात पाय ठेवला. केपुएलीने चहाचा मग खाली ठेवला, मान खाली घातली आणि पलीकडच्या दाराने निघून गेला. गोष्टही तिथेच थांबली. भाऊ-बहीण एका ठिकाणी असले की तिथे चावट बोलायचं नसतं, आणि तालिआउलीची कुठलीच गोष्ट सोवळी नसते.

"डुकराचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

"मेलं," तालिआउली म्हणाला. "म्हातारपणाने."

कोणी हसलं नाही. गृहशास्त्राच्या फुइवाने तो अर्धा भरलेला मग उचलून धुतला. मला म्हणाली, "बिनसाखरेचा घेतात गं तुझे हेडसर." शहरात राहून ही असली थेरं शिकला वाटतं.

मी वयात आले तेव्हापासून हे असंच चाललंय. मी घरात आले की तो उठून बाहेर जाणार. झोपायचाही काकांकडे. मी त्याच्याहून थोरली, आणि मानाने तर बहीण भावाच्या वरच असते. राजधानीत हल्ली इतकं पाळत नाहीत म्हणे. आमच्या वडिलांनी पाळायला शिकवलं आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. आज त्या मगाकडे बघून मात्र वाईट वाटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

काल पुरुष शिक्षकांची कावा प्यायची बैठक होती. जुने हेडसर दर शुक्रवारी सगळ्यांबरोबर मांडी घालून बसायचे. शाळेची निम्मी भांडणं त्या लाकडी पातेल्याभोवतीच मिटायची. केपुएलीही गेला. पण म्हणे थोड्या वेळाने त्याने एक पाय पुढे पसरला! कावाच्या रिंगणात पाय पसरणं म्हणजे समोरच्याला कस्पटासमान मानणं. वडील असते तर त्यांनी तिथल्या तिथे कान उपटला असता.

तालिआउलीला विचारलं तर नेहमीचा फटकळपणा कुठे गेला कोण जाणे. "शहरातल्या खुर्च्यांनी गुडघे आखडतात, बाई," एवढंच म्हणाला आणि वर्गाकडे वळला.

२ मार्च, सोमवार

आमचं बोलणं तालिआउलीमार्फत चालतं. दहावीचं वेळापत्रक मला पटलं नाही, हे मी तालिआउलीला सांगते, तो हेडसरांच्या खोलीत जातो, परत येतो. "हेडसर म्हणतात, ताई म्हणेल तसं." हेडमास्तर आणि शिक्षिका असं बघितलं तर तो वर, भाऊ आणि बहीण असं बघितलं तर मी वर. मधल्या मध्ये तालिआउलीची पायपीट होते.

केपुएली स्टाफरूममध्ये येत नाही. मीटिंग त्याच्याच खोलीत होते, तेव्हा मी व्हरांड्यात खिडकीखाली बसते आणि तिथून हात वर करते. कावाच्या बैठकीलाही त्या दिवसानंतर तो गेला नाही. लाजला असेल. त्याची बायको ऑकलंडला कामाला, मुलगी तिच्याजवळ, इथे क्वार्टरमध्ये हा एकटा. वसतिगृहातलं उकडलेलं खाऊन कोणाचं भागतं? आज मी फाईकाकाई केले, नारळाच्या पाकात बुडवलेले गोळे. लहानपणी या गोळ्यांसाठी तो काय वाटेल ते करायला तयार असायचा. पाक मुद्दाम जास्त घातला. तालिआउली भांडं घेऊन गेला, दुपारी परत आणलं तेव्हा चाटूनपुसून लख्ख होतं.

"आवडले का?"

"हेडसर म्हणाले, आईच्या हाताची चव."

इतकं बरं वाटलं. आता दर सोमवारी करीन.

१९ मार्च, गुरुवार

आमचे हेडसर म्हातारपणी छेलबटाऊ झालेत! त्यांच्या खोलीवरून गेलं तर फुलांच्या तेलाचा घमघमाट व्हरांड्यापर्यंत येतो. खिडक्या सताड उघड्या, टेबलावर चाफ्याची फुलं. आणि वर अवतार बघावा तर कमरेला मानाची कडक चटई, पांढराशुभ्र सदरा आणि पायात भल्यामोठ्या रबरी सपाता. हेडमास्तरने प्रार्थनेला सपाता घालून उभं राहायचं? मी तालिआउलीकडून निरोप पाठवला की आपल्या वडिलांच्या घराण्यात कोणी असं सपाता घालून चारचौघांत आलं नव्हतं.

दुसऱ्याच तासाला तो बूट घालून बाहेर आला. माझा शब्द तो कधी मोडत नाही, हे खरं.

२१ एप्रिल, मंगळवार

प्रार्थनेला केपुएली मैदानात उतरत नाही. आपल्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसतो आणि तिथूनच बोलतो. वर्गांवर फेरी मारत नाही. शिक्षक आपसांत कुजबुजतात आणि मी गेले की गप्प होतात. पूर्वी आमच्याकडे कोणाचं पोर आजारी, कोणाच्या घरावरचा पत्रा उडाला, कोणाचा वर्ग आवरत नाही, सगळं त्या टेबलावर यायचं. आता किटली उकळते तेवढाच आवाज होतो.

आज फुइवाला धरलं. "खरं सांग. तो का येत नाही आमच्यात?"

तिने नजर खाली घातली. ओल्या फडक्याने टेबल पुसत राहिली. "तुला माहीतच आहे की गं, लोसा. माझ्या तोंडून कशाला वदवतेस?"

माहीत आहे. मी आहे म्हणून. एकोणीस वर्षं मी त्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते, ती खुर्ची माझ्या भावाच्या वाटेत आली आहे.

८ मे, शुक्रवार

कचेरीतून फिनेआसी नावाचा अधिकारी आला होता. चष्मेवाला, गोडबोल्या. शाळेतलं वातावरण कसं आहे याबद्दल शिक्षकांची मतं त्याला हवी होती. कुठल्या शाळेत माणसं मन लावून काम करतात आणि कुठे नाही, ते म्हणे वरून ठरतं, हेडमास्तरपासून. केपुएलीला त्याने खोलीतच थांबायला सांगितलं. त्यामुळे मला आज खिडकीखाली बसावं लागलं नाही, ग्रंथालयात सगळ्यांबरोबर बसले.

"हेडसर इथे नाहीत," फिनेआसी म्हणाला. "अगदी मोकळेपणाने बोला. या शाळेत काम करताना कसं वाटतं?"

"छान वाटतं," सगळे एका सुरात.

"काही अडचण?"

"नाही."

"हेडसर कसे आहेत?"

सगळे आपापल्या वह्या चाळायला लागले. मग नवा पोरसवदा लेओने, त्याला अजून पाचपोच नाही, तो म्हणाला, "आधीचे सर वर्गावर्गांत फिरायचे. हे खोलीतून बाहेर निघत नाहीत." शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं.

"का निघत नाहीत?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच माना खाली घातल्या. माझे कान तापले. किती सभ्य माणसं ही! माझ्या तोंडावर माझं नाव घेता येत नाही म्हणून माझ्या भावाचं नाव खराब होऊ देतायत. वर्षाअखेर त्याची खुर्ची काढून घेतील, आणि सगळं गाव म्हणेल की केपुएली माणसांना धरून राहू शकला नाही. मी उभी राहिले.

"दोष हेडसरांचा नाही," मी म्हणाले. "मी आहे म्हणून ते आमच्यात येत नाहीत. मी त्यांची बहीण. दुसरं काही कारण नाही."

फिनेआसीने मान डोलावली. तोही टोंगनच, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तालिआउलीने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि खोकला. बाकी कोणी एक शब्द बोललं नाही. म्हणजे माझंच खरं होतं.

१२ मे, मंगळवार

मैदानापलीकडची सुतारकामाची जुनी खोली मागून घेतली. माझं टेबल, माझी किटली, माझ्या वह्या, सगळं तिकडे. तालिआउली आणि लेओने टेबल उचलायला आले.

"बाई, कशाला हे?" तालिआउली म्हणाला.

"आता त्याला तुमच्यात येऊन बसता येईल. त्याला सांग, मी त्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही."

तो टेबलाचं एक टोक धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "लोसालिने, तुझा भाऊ..." आणि थांबला. लेओने तिथे होता. मी म्हणाले, "टेबल ठेव आधी, हात भरून येतील."

खोलीत लाकडाच्या भुशाचा वास आहे. मैदान ओलांडून स्टाफरूमच्या खिडक्या दिसतात. दुपारचा चहा एकटीने घेतला. मन भरून आलं, पण वाईट वाटत नव्हतं. भावासाठी काहीतरी केलं असं वाटत होतं.

२९ मे, शुक्रवार

तो जात नाही! इतके दिवस झाले, मी इथे भुशात बसले आहे आणि तो आपल्या खोलीतून हलत नाही. फुइवा म्हणते, "हसतो आम्ही थोडंफार. पण ते येत नाहीत."

मग मी कशाला उठले? संतापाने माझा तिळपापड झाला आहे. त्याला माणसं नकोच आहेत का? वडिलांनी वाढवलेला मुलगा असा माणूसघाणा कसा झाला? या सोमवारी मी गोळे पाठवले नव्हते. मंगळवारी न राहवून दुप्पट पाठवले. भांडं लख्ख परत आलं.

९ जून, मंगळवार

फिनेआसीचा फोन आला होता असं तालिआउलीकडून कळलं. पुढच्या वर्षी हेडसर बदलायचं जवळजवळ ठरलंय. मी तालिआउलीला समोर उभं केलं आणि एकेक शब्द मोजून निरोप दिला. "त्याला सांग, ताई म्हणते, तुझ्या खुर्चीचा प्रश्न आहे. स्वतःच्या पायांनी चालत जा आणि आपल्या माणसांत बस. मी जन्मभर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते."

तालिआउलीचा चेहरा पडला. "हे नको सांगायला लावूस."

"का?"

तो नुसता मान हलवत राहिला. मी म्हणाले, "जा."

बऱ्याच वेळाने परत आला. "हेडसर म्हणतात, ताई म्हणेल तसं. सोमवारी सकाळच्या चहाला येतो म्हणाले."

१५ जून, सोमवार

आज तो गेला. माझ्या खिडकीतून मी सगळं बघितलं.

घंटेच्या आधी तो खोलीबाहेर आला. बूट घातले होते. जास्वंदीच्या कुंपणाला हात लावत लावत, हळूहळू चालत होता. मध्ये आंब्याखाली थांबला. मला वाटलं, अजून मनाची तयारी होत नाही याची. मी इथून पुटपुटत होते, चल रे बाबा, चल. पुन्हा निघाला. दारात फुइवा उभी होती, तिने त्याला आत घेतलं.

मग हसणं ऐकू आलं. आधी थोडं, मग सगळ्यांचं मिळून, अगदी पूर्वीसारखं. त्यात ते नाकातून हसणं. मैदान ओलांडून ते माझ्यापर्यंत आलं आणि मी एकटीच रडले, आनंदाने.

आणि मग हसणं एकदम तुटलं. खुर्ची पडली. लेओने बाहेर धावत आला, ड्रायव्हरला हाका मारत.

मी धावले. दारापर्यंत पोचले आणि थांबले. केपुएली जमिनीवर होता. तालिआउलीने त्याचे बूट कापून काढले होते आणि तो वास दारापर्यंत आला. फुलांच्या तेलाच्या खालचा वास. फुइवा ओरडली, "लोसा आली, पांघरूण घाला!" कोणीतरी टेबलावरचं कापड त्याच्या पायांवर टाकलं. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि हाताच्या कोपरावर उठायचा प्रयत्न केला. मी आले होते ना, म्हणून.

मी तोंड फिरवलं. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे तोंड फिरवून उभी राहिले, आणि त्यांनी त्याला पलीकडच्या दाराने नेलं.

१७ जून, बुधवार

नेइआफूच्या दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर बसले होते. भाऊ निजलेला असतो तिथे बहीण जात नाही. तालिआउली येऊन शेजारी बसला आणि सगळं बोलला. साखरेचा आजार जुना. जानेवारीत सामान उतरवताना पायात खिळा गेला, ती जखम भरलीच नाही.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"वासच यायचा, लोसा. आम्हाला वाटलं तुला ठाऊक आहे. ठाऊक नसेल असं मनातही आलं नाही. तू दुसरं काही कारण नाही म्हणालीस, तेव्हा वाटलं तू त्यांची अब्रू झाकतेयस. मग आम्ही कोण उघडी पाडणार? आणि तुझ्या भावाच्या शरीराबद्दल, त्या वासाबद्दल, तुझ्या तोंडावर बोलायचं कोणी?"

बूट घाल असा निरोप मी पाठवला होता. स्वतःच्या पायांनी चालत जा असाही मीच पाठवला होता.

"आणि ते गोळे?" मी विचारलं. "तो मुलांना वाटायचा ना?"

तालिआउलीने मान हलवली. "मी म्हणायचो, वसतिगृहात देऊ या. म्हणायचे, ताईने पाठवलेलं दुसऱ्याला देतात का. शेवटचा पाकसुद्धा बोटाने पुसून खायचे."

दुपारच्या विमानाने त्याला राजधानीला नेलं.

२३ जून, मंगळवार

गुडघ्याच्या वरून पाय काढला. ताप उतरत नाही. फुइवा म्हणते, प्रार्थना कर. करते आहे. काल सोमवार होता, मी किटलीसुद्धा तापवली नाही.

२७ जून, शनिवार

केपुएली गेला.

१ जुलै, बुधवार

सकाळच्या विमानाने त्याला वडिलांच्या घरी आणलं. ऑकलंडहून बायको आणि मुलगी एलेनोआ आली. बाप गेला की मुलीचे केस आत्याने कापायचे असतात. तिचे केस दाट, कमरेपर्यंत आलेले. कात्री केसांत अडकली तर ती पोर मलाच म्हणाली, "कापा आत्या, दुखत नाही."

सगळी शाळा आली होती. शिक्षकांनी मुलांच्या जेवणाचं काम अंगावर घेतलं. तालिआउलीचं आमच्याशी काही नातं नाही, तरी धाकट्या नातलगांसारखी दुखवट्याची फाटकी मोठी चटई गुंडाळून पहाटेपासून भट्टीजवळ धुरात राबत होता. मी मागच्या अंगणात गेले तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "त्या दिवशी हेडसरांनीच विषय काढला. म्हणाले, पहिल्या दिवशीचं डुक्कर राहिलंय, पुढे काय झालं ते सांग. म्हणून हसत होतो आम्ही."

"काय झालं डुकराचं?"

"तुला नाही सांगता यायचं," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

फिनेआसीही आला होता. हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी लिहिलं होतं की या शाळेत माणसं एकमेकांचा फार मान राखतात. चांगलं म्हणून लिहिलं होतं." मी त्याला जेवून जा म्हणाले.

मग आतून बोलावणं आलं. मेलेल्या भावाच्या उशाशी बहिणीने बसायचं, तो मान तिचा. बायकांनी बाजूला होऊन वाट करून दिली. बारीक विणीच्या चटयांवर त्याला ठेवलं होतं, वर झाडाच्या सालीचं चितारलेलं कापड. पायांकडे एका बाजूला ते कापड सपाट होतं. चेहऱ्याला तेल लावलेलं होतं, तेच फुलांचं.

मी दारात थांबले. सवयीने थांबले, त्याला पलीकडच्या दाराने जायला वेळ मिळावा म्हणून. सगळे माझ्याकडे बघत होते. फुइवाने माझा हात धरला आणि म्हणाली, "चल, लोसा. आत ये."

मी आत गेले आणि त्याच्या उशाशी बसले. केपुएली उठला नाही.